गेरूची खोली

या वर्षी कोहरा जरा लवकर उतरला. आम्ही काशीतली मराठी माणसं त्याला धुकं म्हणत नाही. धुकं सहलीला गेल्यावर बघायचं असतं. इथला कोहरा घरात येऊन राहतो. दाराच्या फटीतून आत शिरतो, दोरीवरचे कपडे वाळू देत नाही, आणि लोणच्याच्या बरणीच्या झाकणालाही ओल आणतो. आज सकाळी गच्चीवर गेले तर मुन्शी घाट नाहीसा झालेला. खालून नावाड्यांची बोलाचाली ऐकू येत होती, कुणी तरी दुसऱ्याची नाव आपल्या खुंट्याला बांधल्याबद्दल भांडत होतं, पण नदी कुठंच नव्हती. मी खाली आले, चहाचं आधण ठेवायच्याही आधी पुढच्या खोलीत गेले आणि लाकडी पेटीच्या भिंतीला हात लावला. ऊब होती. मग चहा ठेवला.

ही हात लावायची सवय मला काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात लागली. कोहरा आला की तो हिवाळाही मागोमाग येतो. ओल्या काथ्याचा वास येतो, सोललेल्या मटारांचा येतो, शेजारच्या ओसरीवर पेटलेल्या बोरसीतल्या, म्हणजे मातीच्या शेगडीतल्या, कोळशांचा येतो. आणि या सगळ्याखाली त्या दिवसांत मनात मुरलेला संशय असतो. त्यालाही एक वास आहे असं मला वाटतं, बरेच दिवस न उघडलेल्या ट्रंकेसारखा.

संशय माझ्या स्वभावातच आहे, हे आधी सांगून टाकते. मी मुलींच्या शाळेत शिकवते. परीक्षेच्या हंगामात वर्गातून फिरताना कुणाच्या बाहीत चिठ्ठी आहे ते मला पाठमोरी असतानाही कळतं. हाच डोळा मी घरी आणते. दूधवाला एकाएकी गोड बोलायला लागला की मी दूध उकळताना उभी राहते. माझी मुलगी ऋता लखनौला शिकते, ती फोनवर म्हणते, "आई, तू पण ना. हर बात में शक." मी तिला सांगते की शंका घेणाऱ्या बाईचं घर सहसा लुटलं जात नाही. ती हसते, आणि मला लगेच शंका येते की ती कशाला हसली.

त्या वर्षी पौषात आमचे मोठे भाऊजी आले. श्रीकांतचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. ते झाशीला रेल्वेच्या सिग्नल विभागात होते. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावरही झाशीतच भाड्याच्या घरात राहिले. दिवाळीला यायचे, पेढ्यांचा पुडा ठेवायचे, भाऊबीज संपली की परतीच्या गाडीला बसायचे. त्यांच्या येण्याजाण्याला वेळापत्रक होतं. त्या वेळी मात्र आदल्या दिवशी फोन आला, "येतोय." किती दिवसांसाठी ते सांगितलं नाही, श्रीकांतनं विचारलंही नाही. कोहऱ्यानं गाडी खोळंबली होती. सकाळी यायचे ते दुपारी आले. पुढे हमाल, त्याच्या डोक्यावर ट्रंक, मागे श्रीकांतच्या हातात पिशव्या, आणि भाऊजींच्या छातीशी घोंगडीत गुंडाळलेली एक टोपली. ती त्यांनी कुणालाही धरू दिली नाही.

काशीत म्हातारा माणूस सामान घेऊन आला की गल्ली त्याचा एकच अर्थ लावते, इथं देह ठेवायला आला. समोरच्या चौबाइननं, म्हणजे चौबेजींच्या बायकोनं, खिडकीतूनच विचारलं, "भाईसाहब काशीवास खातिर आए हैं का?" भाऊजी नुसते हसले. मी मात्र दुसराच अर्थ लावत होते. घर अजून सासऱ्यांच्या नावावर होतं आणि मुलगे दोन होते. भाऊजींनी आजवर वाट्याचा शब्द काढला नव्हता. जे लोक कधीच शब्द काढत नाहीत त्यांची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

टोपलीत कासव होतं. काळपट पाठ, तिच्यावर प्रत्येक चौकटीत मधासारखा पिवळा डाग, आणि पायांवर लाल ठिपके, कुणी गेरूनं बोटं बुडवून उठवावेत तसे. नावही गेरूच होतं. मी काही विचारायच्या आत भाऊजींनी सांगून टाकलं की ही दक्षिण अमेरिकेकडची जात आहे, तिची सरकारदरबारी रीतसर नोंद आहे, आपल्याकडचं नक्षीदार कासव पाळणं गुन्हा असतो पण हे ते नव्हे. झाशीच्या रेल्वे कॉलनीतलं एक कुटुंब परदेशी गेलं तेव्हा ते त्यांच्याकडे आलं, तेव्हापासून त्यांच्याकडेच आहे. हे सगळं त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. माझ्या खांद्यापलीकडे, कानाच्या बाजूला कुठं तरी नजर लावून. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देणारी आणि डोळ्याला डोळा न भिडवणारी मुलगी वर्गात असती तर मी तिची बाही तपासली असती.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. कुणी म्हणालं लक्ष्मी आली, घरात कासव शुभ असतं. दोन बायका हळदकुंकू घेऊन आल्या आणि त्याच्या पाठीला बोट लावून गेल्या. चौबाइननं मला बाजूला घेऊन सल्ला दिला, "बहूजी, गंगाजी में छोड़ दीजिए, पुन्न मिली." मी ते जेवताना सहज बोलून दाखवलं. भाऊजींचा घास हातातच राहिला. मग त्यांनी शांतपणे समजावलं की हे जमिनीवरचं कासव आहे, त्याला पोहता येत नाही, पाण्यात सोडलं तर ते बुडून मरेल. काशीत दर वर्षी किती तरी लोक पुण्य म्हणून हेच करत असतील, असंही म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला विचारलं, "तुला काय वाटलं? सोडावं?"

मी म्हटलं, मला काय वाटायचंय, मी नुसतं सांगितलं.

त्यांनी मान हलवली, पण त्या दिवसापासून टोपली त्यांच्या पलंगाशेजारून हलली नाही. मी स्वयंपाकघरातून पुढं आले की त्यांचं एक बोट टोपलीच्या काठावर असायचं. मला राग आला. माझ्याच घरात कुणी माझ्यापासून वस्तू सांभाळून ठेवावी!

मग त्यांनी खोल्या मोजायला सुरुवात केली. टेप लावून मोजलं असतं तर मी समजून घेतलं असतं. ते हातानं मोजायचे. एक तळवा भिंतीला टेकवून हळूहळू पुढे जायचे, कोपऱ्यात थांबायचे, बोटांनी चौकट चाचपायचे, खिडकीच्या फटीपुढे हात धरून वारा कुठून येतो ते बघायचे. पुढच्या खोलीत तर रोज. ती खोली आमच्या घरातली सगळ्यात चांगली. दाराची बाजू सोडली तर एकही भिंत बाहेरची नाही म्हणून हिवाळ्यात ऊबदार, आणि दार सरळ गल्लीत उघडणारं. वेगळं बिऱ्हाड करायचं तर तीच सोयीची. एकदा त्यांनी विचारलं, इन्व्हर्टरची तार कुठून गेलीय. मग विचारलं, विजेचं मीटर कुणाच्या नावावर आहे. मी श्रीकांतकडे पाहिलं. श्रीकांत मटार सोलत होता. त्यानं उत्तर दिलं आणि एक दाणा तोंडात टाकला. या माणसाशी मी इतकी वर्षं संसार कसा केला, असं मला अधूनमधून वाटतं, ते अशा वेळी.

त्यातच एका दुपारी भाऊजी गच्चीवर फोनवर बोलत होते. मी वाळत घातलेले पापड उलटायला गेले होते. ऊन नुसतं नावाला होतं. ते पाठमोरे होते. म्हणत होते, "पुढचीच खोली बरी. नाही, अजून पक्कं नाही. आधी माणसं बघू दे. जागा पक्की झाली की कळवतो." मी पापड न उलटताच खाली आले. श्रीकांतला सांगितलं. तो म्हणाला, "दादाचं असंच असतं." हे वाक्य त्याच्या घरात सगळ्यांबद्दल म्हणतात, आणि त्यातून आजवर कुणालाही काहीही कळलेलं नाही.

शेवटी भाऊजींनी आम्हा दोघांना बसवून विचारलंच, पुढच्या खोलीत गेरूसाठी कायमचं घर बांधलं तर चालेल का. टोपलीत ते थंडी काढू शकणार नाही. त्याला उबेची जागा हवी, गारव्याची जागा हवी, ओलसर माती हवी, आणि रोज ठरावीक वेळ उन्हासारखा उजेड हवा. आमच्या गल्लीत पौषमाघात ऊन येतच नाही. श्रीकांत लगेच हो म्हणाला. मी म्हटलं, बांधा. मनात म्हटलं, बघू या कासवाच्या नावानं कोण आत सरकतंय.

पेटी त्यांनी स्वतः केली. माळ्यावर एक जुना तक्तपोश, म्हणजे लाकडी पलंग, पडला होता, त्याच्याच फळ्या काढल्या. एका माणसाच्या पलंगाएवढी लांबरुंद पेटी, भिंती गुडघ्याच्या वर. मी म्हटलं, काच का नाही लावत, छान दिसेल. ते म्हणाले, कासवाला काच कळत नाही. पलीकडचं दिसतं म्हणून ते दिवसभर काचेवर नाक घासत राहतं, जखम होते. भिंत अशी हवी की पलीकडे काही आहे याची आशाच वाटू नये. पेटीखाली थर्मोकोल आणि विटा, म्हणजे फरशीचा गारठा वर चढणार नाही. आत जाड प्लास्टिक अंथरून त्यावर माती आणि काथ्याचा भुसा, ओलसर, मुठीत दाबला तर गोळा व्हावा पण पाणी सुटू नये इतका. वर शिसवीची वाळकी पानं. एका टोकाला ऊब देणारा दिवा आणि उन्हाची नळी, दुसरं टोक मोकळं, त्याला स्वतःच ठरवू दे कुठं बसायचं ते. अर्धं कापलेलं मडकं उपडं घातलं, लपायला. पाण्याची परळ मातीच्या पातळीत पुरली, चढताना उलटं पडू नये म्हणून. खायला एक सपाट दगड, त्यावर चोच आणि नखं घासली जातात. वर अर्धं झाकण, ओल धरून ठेवायला आणि माकडांपासून वाचवायला.

काम चांगलं होतं, पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपली. फळ्यांच्या कडा वाकड्या कापल्या होत्या. खिळे तिरपे बसले होते. ज्या माणसानं आयुष्यभर सिग्नलच्या तारा जोडल्या त्याच्या हातून इतकं ओबडधोबड काम? मला वाटलं, घाई आहे. कशाची तरी घाई आहे. पेटी हे नुसतं निमित्त, एकदा खोलीत बस्तान बसलं की झालं.

आता मागे बघते तेव्हा त्या दिवसांतल्या किती तरी गोष्टी समोर येतात. ते हातात पेपर धरून बसायचे आणि पान उलटायला विसरायचे. सकाळी घाटावर जायचे ते अहिल्याबाई घाटाच्या वरच्या पायरीपर्यंतच, खाली उतरत नसत. म्हणायचे, कोहरा आहे, पायऱ्या निसरड्या. त्या ऋतूत सगळं शहरच चाचपडत चालतं. माणसं हाक मारून एकमेकांना ओळखतात, रिक्षावाले उगीच घंटी वाजवत राहतात. त्यामुळे कोण कसं चालतंय हे कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्याही आलं नाही.

माझ्या लक्षात एवढंच आलं की ते माझ्यावर पाळत ठेवतात. घाटावर जातो म्हणून निघायचे आणि अर्ध्या वाटेतून परत यायचे, आवाज न करता. दार लोटायचे आणि थेट पुढच्या खोलीत जाऊन पेटीच्या भिंतीवर हात ठेवून उभे राहायचे. मी तिथं असले तर विचारायचे, गेरू कुठल्या टोकाला आहे, काय खाल्लं, डोळे उघडे आहेत का. मी म्हणायचे, तुम्हीच बघा की. मग ते वाकायचे, बराच वेळ बघायचे आणि म्हणायचे, "छान आहे."

तरी रोजचं काम हळूहळू माझ्याकडेच आलं. कसं आलं ते सांगता येणार नाही. सकाळी मी देवाला जास्वंदी तोडायचे, त्यांतली दोन फुलं गेरूला जायला लागली. पपईच्या फोडी, भोपळ्याचा कीस, शेवग्याचा कोवळा पाला, अधूनमधून एखादं मशरूम. पानांवर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. पालक रोज नाही. फवारणीच्या बाटलीनं पानांवर पाणी मारलं की मातीचा वास उठायचा आणि मडक्यातून आधी एक डोकं, मग लाल ठिपक्यांचा एक पाय बाहेर यायचा. ते जास्वंदीचं फूल खायचं तेव्हा अख्खं तोंड लाल व्हायचं. मला ते आवडत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण मी ते भाऊजींना दिसू देत नव्हते.

माघात एका दिवशी सकाळीच बत्ती गेली. गल्लीच्या तोंडाशी काही तरी जळलं होतं आणि दुरुस्तीची माणसं कोहरा ओसरायची वाट बघत होती. दुपारपर्यंत इन्व्हर्टरही बसला. पेटीतला दिवा विझला. मी शाळेतून आले तर भाऊजी पेटीवर आपली रजाई पसरून बसले होते, अंगावर नुसता स्वेटर. मी पाणी गरम केलं, रबरी पिशव्यांत भरलं, टॉवेलात गुंडाळून मडक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवलं. संध्याकाळी वीज येईपर्यंत पाणी बदलत राहिले. श्रीकांत ऑफिसातून येताना चौबेजींकडून आणखी दोन पिशव्या मागून घेऊन आला. त्या दिवशी आम्ही तिघं पहिल्यांदाच एका कामाला लागलो होतो.

पुढचे काही दिवस गेरू खायला बाहेर आलं नाही. मी भाऊजींना म्हटलं, बरं दिसत नाही. ते वाकले, बघितलं, म्हणाले, "थंडीनं सुस्तावलंय. छान आहे."

मग एका सकाळी मी फूल दगडावर ठेवायला वाकले आणि पाहिलं. गेरू मडक्याच्या तोंडाशी बसलं होतं, डोळे मिटलेले, मान लांब केलेली. श्वास घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता आणि उजव्या नाकपुडीवर एक बुडबुडा फुगत होता, फुटत होता. भाऊजी माझ्या शेजारीच उकिडवे बसले होते. पेटीतला दिवा पूर्ण पेटलेला होता. त्यांचा चेहरा कासवापासून वीतभर अंतरावर होता.

ते म्हणाले, "आज तरतरीत वाटतंय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. इतके दिवस मी त्यांच्याकडे संशयानं बघत होते, म्हणजे खरं तर बघत नव्हतेच. मी विचारलं, "भाऊजी, त्याच्या नाकाला काय झालंय?"

"काय झालंय?"

"तुम्ही सांगा."

मग त्यांनी हात पुढे केला, बोटानं गेरूची मान शोधली, तिथून चेहरा, तिथून नाक. बोट ओलं झालं. त्यांनी ते बोट अंगठ्यावर घासून बघितलं.

"मला मधलं दिसत नाही, नीलिमा," ते म्हणाले. "कडेचं दिसतं. जिकडे बघावं तेवढंच नेमकं नाहीसं होतं. तुझा चेहरा बघायचा तर तुझ्या कानाकडे बघावं लागतं."

मी उठून जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ताबडतोब आणायला सांगितलं. गरम पाण्याची पिशवी खाली ठेवून, त्याच घोंगडीत टोपली गुंडाळून मी आणि भाऊजी रिक्षानं गेलो. छातीत कफ झाला होता. सुया सुरू झाल्या, पेटीची ऊब वाढवायला सांगितली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर सांगता येत नव्हतं. त्या वाक्याला भाऊजींनी मान खाली घातली. येताना रिक्षात टोपली माझ्या मांडीवर होती. त्यांनीच ती माझ्याकडे दिली होती.

घरी आल्यावर सगळं हळूहळू बाहेर आलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. झाशीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, सुया घेऊन आहे तेवढं टिकवायचं. पेपर जाऊ दे, स्वतःचं जेवण जाऊ दे, पण कासव आजारी पडलं की आधी डोळ्यांत आणि नाकात दिसतं, आणि तेच त्यांना दिसेनासं झालं होतं. म्हणून ते त्याच्यासाठी घर शोधत होते. गच्चीवरचा फोन झाशीच्या एका जुन्या सहकाऱ्याला होता. इथं जमलं नाही तर तो येऊन गेरूला घेऊन जाणार होता.

मी विचारलं, हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं.

"सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस," ते म्हणाले. "दयेपोटी. दयेचा हो किती टिकतो ते मी पाहिलंय. आणि तू तर त्याला गंगेत सोडायचं म्हणत होतीस."

"मी नव्हते म्हणत. चौबाइन म्हणत होती."

"मला कसं कळणार? तोंड दिसत नाही ना. नुसता आवाज ऐकायचा आणि ठरवायचं." मग ते म्हणाले, "मी गेल्यावर तू दिवा बंद करतेस का, ते बघायला परत येत होतो. हात लावून बघायचो. एकदाही गार लागला नाही."

मला संताप यायला हवा होता. दोन महिने या माणसानं माझ्या घरात बसून माझी परीक्षा घेतली होती, आणि पर्यवेक्षक असून मला तिचा पत्ताही नव्हता. पण दुसरीकडे मीही त्यांच्या प्रत्येक पावलाचा हिशेब ठेवत होतेच. श्रीकांत दारात उभा राहून ऐकत होता. तो गच्चीवर गेला. खाली आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, आणि त्यानं दादाला एवढंच विचारलं, की मला तरी सांगायचं. भाऊजी म्हणाले, तू रडला असतास.

"मग आता जागा पक्की?" मी विचारलं.

"गेरूची पक्की. माझं मी बघितलंय. इथंच, अस्सी भागात एक वृद्धांचा आश्रम आहे. येऊन जाऊन राहीन."

म्हणजे ते तळवा टेकवून भिंती मोजणं, ती फट, दिव्याचं बिल कुणावर पडेल म्हणून विचारलेलं ते मीटर, सगळं कासवासाठी. स्वतःसाठी या घरातली एकही वीट त्यांनी चाचपली नव्हती. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी कडक बोलते.

मी म्हटलं, "तुम्ही आश्रमात गेलात तर त्या दिवशी मी दिवा बंद करीन."

भाऊजींनी चेहरा माझ्याकडे वळवला. म्हणजे माझ्या कानाकडे. "बंद करशील?"

"करीन."

"नाही करणार," ते म्हणाले. आल्यापासून इतक्या खात्रीनं ते पहिल्यांदाच बोलले होते. पण इतके दिवस बंद ठेवलेली ट्रंक मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी उघडली. आतले कपडे श्रीकांतनं कपाटात लावले.

गेरू वाचलं. फाल्गुन लागता लागता त्यानं दगडावरचं फूल खाल्लं आणि तोंड लाल करून माझ्याकडे पाहिलं. कासवाच्या नजरेत कृतज्ञता वगैरे काही नसते. माझ्यासारखीच संशयी नजर असते ती, आता ही काय करणार आहे अशी. म्हणूनच आमचं बरं जमतं.

घराच्या वाट्याचं मी आजवर विचारलेलं नाही आणि त्यांनीही काढलेलं नाही. पूर्वी मला त्यांचं न बोलणं भीतीचं वाटायचं. आता कधी कधी वाटतं, उद्या त्यांनी तो विषय काढलाच तर निदान माणूस इथं राहायचं म्हणतोय असं तरी कळेल.

पौषमाघातला हा काळ मात्र मला अजूनही सुखाचा जात नाही. मी दिव्यावर विश्वास ठेवत नाही, इन्व्हर्टरवर नाही, तापमान दाखवणाऱ्या यंत्रावर तर मुळीच नाही. हात लावून बघते. आणि रोज सकाळी चहा झाला की भाऊजी पेटीशेजारी येऊन बसतात आणि मी वाकून सांगते. आजही सांगितलं. डोळे उघडे आहेत, स्वच्छ आहेत. नाक कोरडं आहे. पाठीवर डाव्या बाजूला थोडी माती लागलीय. मागचा पाय ताणून बसलंय, दिव्याच्या बाजूला. ते ऐकतात, मध्येच थांबवून एखादी गोष्ट पुन्हा विचारतात. माझ्या सांगण्यावरही त्यांचा पुरता विश्वास नसतो. बरोबरच आहे.

सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, "आणि तुमचे डोळे?"

"कालच्यासारखेच," ते म्हणाले.

पण चहाचा कप उचलताना आज त्यांचं बोट आधी बशीला लागलं, मग टेबलाला, मग कपाच्या कानाला. काल असं नव्हतं. मंगळवारी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. दर वेळी ते मला बाहेरच्या बाकावर बसवतात आणि आतून हसत येऊन सांगतात, सगळं आहे तसंच आहे. या मंगळवारी मी बाकावर बसणार नाही. त्यांच्या मागोमाग आत जाऊन डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसणार आहे. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.